अण्णांची स्कझी

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी भानुदासअण्णा घरातला पंखा, फ्रिज आणि बोलणारा माणूस, तिन्ही बंद करतात.

आम्ही बेलापुरात शेजारी. मी शाळामास्तर, कॉम्प्युटर म्हणजे निकाल भरायचं यंत्र, एवढंच मला ठाऊक. अण्णा साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून रिटायर झाले आणि तिथल्या भंगारात निघालेल्या दोन हार्ड डिस्क रीतसर मागून घरी घेऊन आले. विटेएवढ्या जड. जातीने स्कझी, म्हणजे मोठ्या यंत्रांच्या जुन्या जोडणीच्या. घरच्या कॉम्प्युटरला त्या जोडता येत नाहीत, म्हणून पुण्याहून जुनं कार्ड शोधून आणलं.

एका रविवारी त्यांनी मला बॅटरी धरायला बोलावलं. कॉम्प्युटरला डिस्क दिसत नव्हती.

"दोघींना एकच नंबर पडलाय," अण्णा म्हणाले. "मंग हाक मारल्यावर ओ कोन देनार?"

"एकीला सात द्या."

"सात कार्डाचा हाय, गुरुजी."

"का?"

"त्याचा हाय म्हनून."

केबलच्या टोकाला टर्मिनेटर नावाचा बोटभर ठोकळा होता. तो काय करतो, मी विचारलं.

"काईच न्हाई. पन तो नसला तर कायबी चालत न्हाई."

यावर विचार करताना माझी बॅटरी भिंतीकडे गेली. बोलणी खाल्ली.

तासाभराने डिस्क घरघरत सुरू झाली. मी म्हणालो, "अहो, हे सगळं नखाएवढ्या पेनड्राइव्हवर मावेल. कॉपी करून घ्या."

"नगं."

त्यांनी एक फाईल उघडली. मला वाटलं, उसाच्या नोंदी असतील. होत्या चिठ्ठ्या, इंग्रजी अक्षरांत मराठी. अण्णांच्या आधीच्या पाळीला रघुनाथ नावाचा ऑपरेटर असायचा. नोकरीभर दोघं पाळी बदलताना दारात भेटले. राहिलेलं बोलणं कॉम्प्युटरवर लिहून ठेवायचे. रघुनाथ गेल्या वर्षी वारला.

"कॉपी केली तर एका दमात वाचून हुईल," अण्णा म्हणाले. "आसं जोडाजोडीत दिस जातो. मंग एकच वाचतो."

त्या दिवशीची चिठ्ठी अशी होती: प्रिंटर अडकतोय, ओढू नको. थर्मासात चहा आहे. पोरीचा ताप उतरला का?

अण्णांनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर शोधत खाली टाइप केलं: उतरला. आता तिलाच पोरगी हाय.

मग सेव्ह केलं.