गुणाबाईच्या कॉलरीची हकीकत

श्री. मैदान साक्ष, पायऱ्या साक्ष. ज्यांनी पाहिले त्यांनी सांगितले, ज्यांनी सांगितले ते आता बोलत नाहीत, म्हणोन आम्ही लिहितो. शके अठराशे बावन्न, प्रमोदनाम संवत्सर, भाद्रपद मास. ते समयी एका राज्यात महाराज राज्य करीत होते आणि त्या राज्यास फुटबॉलाचे वेड ऐसे की, लग्नाचा मुहूर्त चुकला तरी चालेल परंतु सामन्याची शिटी चुकता कामा नये. राज्याच्या संघाची जर्सी डाळिंबी रंगाची. दरसाल नवी जर्सी निघावी, अकरा खेळाडूंनी ल्यावी आणि प्रजेनेही तीच लेऊन मैदानाच्या पूर्वेकडील पायऱ्यांवर बसावे, ऐसा वहिवाटीचा नेम. त्या पायऱ्या एकवीस. खालच्या चौदांवर जिती माणसे बसत. जो कोणी प्रेक्षक वारला त्याची जर्सी घडी करोन पंधराव्या पायरीवर ठेवीत आणि दरसाल नवी जर्सी निघाली म्हणजे सर्व घड्या एकेक पायरी वर सरकवीत. एकविसावीवरून सरकली ती मागील खंदकात जात असे. त्यापुढे तिचे काय होते हे कोणी पाहिले नाही आणि पाहावे ऐसे कोणास वाटलेही नाही.

जर्सी शिवण्याचे काम रखमाजी माळवदे शिंपी याजकडे. माणूस हाताचा चोख, तोंडाचा गरीब. पोटी संतान नाही. बायको गुणाबाई चार सालांमागे वारली. ती मोठी फुटबॉलवेडी आणि नवऱ्याच्या शिवणीत खोड काढण्यात तिचा हात कोणी धरला नसता. तिची घडी एकोणिसाव्या पायरीवर होती. जर्सी शिवणे म्हणजे काय संकट असते हे ज्याचे त्यास ठाऊक. पट्टे बारीक घ्यावे तर पाठीवरील आकडा पायऱ्यांवरून दिसेना, रुंद घ्यावे तर पोटवाली माणसे लोडासारखी दिसत. कापड जाड घ्यावे तर खेळाडू घामाने निथळत, पातळ घ्यावे तर चार धुण्यांत डाळिंबीचा गुलाबी होई. खेळाडू काटकुळे, प्रेक्षक गोलमटोल, आणि बेत मात्र दोघांस एकच पाहिजे. त्यावर तेलाच्या घाण्यावाल्या शेटजींचा शिक्का छातीवर ऐन मध्यात पाहिजे, ऐसी दिवाण अंताजीपंत यांची आज्ञा. रखमाजी म्हणे, "अवघड जागेचं दुखणं आन् जावई वैद्य, तसली गत झाली माझी."

मग भाद्रपदात पहिली जर्सी वेळूवर टांगोन पायऱ्यांसमोर उभी केली. पसंत असेल त्याने हात वर करावा, नसेल त्याने 'जुना बरा', म्हणजे गतसालचाच बेत ठेवावा, ऐसे म्हणावे, ऐसी चाल. तेव्हा पायऱ्यांवरून 'जुना बरा' ऐसा मोठा घोष जाहला आणि जर्सी नापसंत जाहली. मग रखमाजीने पट्टे मोडिले, रंग दोन वेळ उकळिला, शिक्का काखेकडे सरकविला आणि आश्विनात दुसरी टांगिली. ते दिवशी दिवाणजी हुशारीने स्वतः पायऱ्यांखाली उभे राहिले आणि त्यांनी हात मोजविले. जितकी माणसे तितके हात वर होते, एकही खाली नव्हता. आणि तरीही भर दुपारी, लख्ख उन्हात, 'जुना बरा' ऐसा घोष उठलाच. सर्वांनी माना वळवोन पाहिले. आवाज पंधराव्या पायरीपासून वर येत होता आणि तेथे घड्यांवाचून काही नव्हते. वारा पडला होता. घड्या हालत नव्हत्या.

महाराज घोड्यावरून हे सर्व पाहत होते, ते उतरले नाहीत. दिवाणजींचे तोंड उतरले, परंतु दिवाण तो दिवाण. त्यांनी हुकूम फर्माविला की, "मेलेल्यांचा कौल दरबारास मान्य नाही. कार्तिकात तिसरी जर्सी निघण्यापूर्वी वरच्या सात पायऱ्यांवरील सर्व घड्या जाळोन टाकाव्या." हे ऐकोन रखमाजी पुढे धावला. त्याने महाराजांच्या रिकिबीस हात लाविला आणि म्हणाला, "म्हाराज, आठ दिस द्या. त्यात माजी बी एक घडी हाय." महाराजांनी आठ दिवस दिले आणि आठात जर्सी सर्वांस पसंत न पडल्यास आग लावावी ऐसे ठरले.

मग रखमाजी दुपारचा एकोणिसाव्या पायरीवर जाऊन बायकोच्या घडीशेजारी बसला. बराच वेळ बसला. मग म्हणाला, "गुणे, काय पायजे काय तुमास्नी?"

घडीतून आवाज आला, जैसा ती चुलीपाशी बसोन बोलत असे तैसाच. "पयलं म्हंजी कॉलर टोचतीया. जित्ती हुते तवापासनं सांगतीया."

"ते करतो. पर 'जुना बरा' कशापायी म्हंता समदी?"

"अवो, नवा आला की आमी एक पायरी वर सरकतो. मला आता दोनच ऱ्हायल्या."

"खंदकात काय हाय?"

"जे गेलं त्यातलं एक बी बोललं न्हाई," ती म्हणाली. "आमी लई हाका मारल्या."

हे ऐकोन रखमाजीस रडू आले आणि तो रडला, त्यात लपविण्याजोगे काही नाही. मग त्याने डोळे पुसले, घडीचे कापड बोटांत धरोन पाहिले आणि म्हणाला, "अस्तराला चांगलं हाय. नव्याला आतनं जुनं लावलं तर? मग सरकायचं कारन न्हाई. पर कातर लागंल, गुणे."

"लागू द्या," ती म्हणाली. "माणसाच्या आंगाला असलेलं बरं. हितं दगड लई गार लागत्यात."

मग रखमाजीने सर्व घड्या खाली आणविल्या आणि ज्या घरची घडी त्याच घरच्या जर्सीस आतोन अस्तर लाविले. विधवेस नवऱ्याचे, लेकास बापाचे, ज्याचे त्यास. गुणाबाईचे अस्तर स्वतःच्या जर्सीस लाविले. कातर चालविताना त्याने तिकडे पाहिले नाही, हाताच्या अदमासाने कापिले. शेवटी अकरा घड्या उरल्या, ज्यांचे घर बुडाले होते, कोणी वारस नाही. त्या अकरा खेळाडूंच्या जर्सीस गेल्या. महाराजांचे कोणी त्या पायऱ्यांवर कधी बसलेच नव्हते, सबब त्यांच्या जर्सीस कोरे मांजरपाट लाविले.

आठवे दिवशी, कार्तिक लागताच, तिसरी जर्सी टांगिली. सर्व हात वर जाहले आणि वरच्या पायऱ्या रिकाम्या, त्यांतून अवाक्षर आले नाही. दिवाणजींनी कान देऊन पाहिले आणि जर्सी पसंत जाहली. मग पहिला सामना जाहला. परराज्याचा गोलरक्षक घटकाभरात शिटीवाल्या पंचाकडे आला आणि म्हणाला, "पंचसाहेब, यांची माणसं जरा मोजा." पंचांनी मोजिली, अकरा भरली. पुन्हा मोजिली, अकराच. गोलरक्षक जागेवर परतला, परंतु तो चेंडूकडे न पाहता चेंडूवाल्याच्या मागे पाहू लागला आणि तीन गोल जाहले. पायऱ्यांवर आरोळी उठली नाही. जो तो मान खाली घालोन आपल्याच छातीशी हळू बोलत होता आणि मध्येच हसत होता. महाराजांनी विचारिले, "हे कोणाशी बोलतात?" ज्यास विचारिले तो आपल्या छातीशी हसला. तीन प्रहरच्या उन्हात सर्वांस ऊब होती. महाराज एकटे कुडकुडत होते.

पुढे महाराजांनी रखमाजीस बोलावोन एकांती विचारिले, "आम्हास एखादे अस्तर मिळेल काय?" तो म्हणाला, "म्हाराज, पायरीवर आपलं कुनी असावं लागतं." पुढील वैशाखात रखमाजी तापाने वारला. त्याच्या घरी कोणी नव्हते, तेव्हा त्याची जर्सी घडी होऊन पंधराव्या पायरीवर एकटी पडली. महाराज स्वतः पायऱ्या चढोन गेले, घडी काखेत मारोन आणिली आणि दुसऱ्या शिंप्याकडोन आपल्या जर्सीस आतोन लावविली. दुपारी जर्सी अंगात घातली. प्रथम ऊब आली. मग उजव्या छातीकडोन दबका आवाज आला, "म्हाराज, बाही बोटभर आखूड झालीया, शिंपी कच्चा हाय." महाराज हसले, कारण त्यांच्याशी आजवर ऐसे कोणी बोलिलेच नव्हते. तो त्याच्याही आतील पदरातोन एक बाई बोलिली, "त्यांच्या बाहीचं ऱ्हाऊ द्या. माजी कॉलर आदी बगा."

त्या दिवसापासोन त्या राज्यात नवी जर्सी निघाली नाही. जो वारतो त्याची जर्सी घरच्याच्या जर्सीस आतोन लागते, म्हणोन त्या आता फार जाड जाहल्या आहेत, खेळाडूंस धावता येत नाही आणि संघ हरतो. प्रजेची तक्रार नाही. खंदक बुजविला. महाराजांच्या मानेवर एक लाल व्रण उठला आहे. राजवैद्यांनी लेप सांगितला, कॉलर उसवावी ऐसेही सांगितले. महाराज म्हणाले, "टोचू द्यावी." येणेप्रमाणे हकीकत जाहली.