शेवट सांगू नका, आ करा

दवाखान्यातली मासिकं बदलायला हवीत, हे दातांच्या डॉक्टरांच्या आधी त्यांच्या बायकोच्या लक्षात आलं. दाढ दाखवायला म्हणून ती एकदा पेशंटसारखी बाहेर बसली आणि तिथलं एक मासिक चाळू लागली. त्यात 'बाळाला पहिला दात येताना' असा लेख होता. लेखासोबतच्या फोटोतलं बाळ तिला ओळखीचं वाटलं. शेजारच्या खुर्चीत तेच बाळ बसलं होतं, दातांना तारा लावून घेण्यासाठी.

"अहो, नवीन पुस्तकं आणा की," ती आत जाऊन म्हणाली. "एक कादंबरी, एक माहितीचं. सध्या लोक वाचतायत अशी."

"लोक काय वाचतायत ते मला कसं कळणार? माझ्यासमोर आले की ते फक्त आ करतात."

"मग दुकानदाराला विचारा. आणि हे बघा, पुस्तकं दवाखान्यातच राहतील. तुम्ही घरी आणलेली वस्तू परत बाहेर जात नाही, माळ्यावर जाते."

डॉक्टर पुस्तकांच्या दुकानात गेले. "सगळ्यात जास्त काय खपतंय?" त्यांनी विचारलं.

"वाचायला हवंय की भेट द्यायला?"

"वाट बघायला."

दुकानदाराने क्षणभर विचार केला आणि दोन पुस्तकं काढली. पहिलं मुंग्यांवरचं होतं. मुंग्यांबद्दल इतकी जाड पुस्तकं लिहिली जातात आणि लोक ती रांग लावून घेतात, याचं डॉक्टरांना नवल वाटलं. दुसरी होती रहस्यकथा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट, आत एक मेलेला घड्याळजी, लिफ्टच्या डाव्या हाताला राहणारी निवृत्त नटी आणि उजव्या हाताला राहणारा विमा एजंट. "ही शेवटची प्रत," दुकानदार म्हणाला. "नवी आवृत्ती छापायला गेलीय. कधी येईल ते सांगता येत नाही."

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवसापासून पेशंट आत येईनासे झाले.

"तुम्ही जा हो आधी," बाहेरून आवाज येई. "मला काही घाई नाही."

"अहो, तुमचा गाल केवढा सुजलाय!"

"सुजू दे. इथे आत्ता कुठे लिफ्ट उघडलीय."

शिवणक्लासवाल्या बाई तर काम झाल्यावरही हलत नसत. त्यांनी लिफ्टची कादंबरी दोन बैठकांत संपवली आणि मुंग्या हातात घेतल्या. रांगेवरून वाद झाला की त्या पुस्तकातून मान वर न काढता सांगत, "मुंग्या बघा, कधी धक्काबुक्की करत नाहीत," आणि पान उलटत.

कादंबरीत आहे तरी काय, हे बघायला हवं म्हणून डॉक्टरांनी एकदा पेशंट नसताना ती आत नेली. उपचारांच्या खुर्चीत स्वतः आडवे झाले, वरचा दिवा पानावर वळवला आणि वाचू लागले. मदतनीस ताई आत आल्या तेव्हा डॉक्टरांचंच तोंड उघडं होतं. दात साफ करायच्या दोऱ्याचा तुकडा पानात घालून त्यांनी पुस्तक नाइलाजाने बाहेर पाठवलं. त्यानंतर पेशंटच्या हातून पुस्तक सुटलं रे सुटलं, की ते आत मागवून घेऊ लागले. दोरा रोज थोडा पुढे सरकत होता. संशय कधी नटीवर, कधी एजंटवर. घरी जेवतानाही त्यांचं लक्ष नसे. कोणी मारलं असेल घड्याळजीला? आणि लिफ्ट आतून बंद कशी?

अशात मॅनेजरसाहेब आले. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, डाव्या बाजूची खालची दाढ किडलेली. त्यांनी कादंबरी उचलली, थेट शेवटचं पान उघडलं, वाचलं, आणि चष्मा काढून म्हणाले, "अरे वा! असं आहे होय!"

बाहेरचे सगळे दचकले.

"साहेब, शेवट आधी वाचता?" ताईंनी विचारलं.

"मी पुस्तक असंच निवडतो. शेवट पटला तरच सुरुवात करायची. घर घेताना आपण छत गळतंय का ते आधी बघतो की नाही? उगाच चारशे पानं वाचायची आणि शेवटी मनस्ताप. हा शेवट मात्र छान आहे. सांगू?"

"नको!" हा आवाज आतून आला. डॉक्टर मास्क लावूनच दारात येऊन उभे होते. दोरा शेवटच्या चाळीस पानांपर्यंत आला होता. "साहेब, तुम्ही आत या. लगेच."

"अहो, माझा नंबर नाही अजून."

"मुंग्या पुढे जाऊ देतात," क्लासवाल्या बाई म्हणाल्या.

मॅनेजरसाहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीही वाचताय वाटतं? मग तर तुम्हाला सांगायलाच हवं. तो जो—"

"आ करा!"

साहेबांनी आ केला. डॉक्टरांनी कापसाचा एक बोळा गालाशी ठेवला. साहेबांच्या घशातून काहीतरी येऊ लागलं, तसा दुसरा ठेवला. मग जिभेखाली तिसरा. वर लाळ ओढायची नळी अडकवली. एवढा बंदोबस्त त्यांनी अक्कलदाढ काढतानाही कधी केला नव्हता. घाईघाईत भुलीचं इंजेक्शनही देऊन टाकलं.

साहेबांचे डोळे मोठे झाले. त्यांनी हात वर केला आणि डावीकडे बोट दाखवलं.

डॉक्टर मागे सरकले. डावीकडे म्हणजे नटी!

"साहेब, प्लीज. हातवारे नकोत."

साहेबांनी जोरजोरात मान हलवली. उजवीकडे बोट दाखवून 'नाही, नाही' अशी खूण केली, मग पुन्हा डावीकडे बोट खुपसलं. म्हणजे एजंट निर्दोष! डॉक्टरांनी डोळे घट्ट मिटून घेतले. "मी बघत नाहीये," ते म्हणाले. "तुम्ही कितीही सांगा, मी बघत नाहीये."

"डॉक्टर," मदतनीस ताई एक्स-रे उजेडाला धरून म्हणाल्या, "डोळे उघडा. दाढ डावीकडची आहे. तुम्ही भूल उजवीकडे दिलीत."

डॉक्टरांनी डोळे उघडले आणि आधी नळी काढली.

मग एकेक बोळा बाहेर काढला. "माफ करा साहेब. मला वाटलं, तुम्ही कादंबरीचं सांगताय."

"कादंबरीचं?" साहेब उठले. अर्धा चेहरा संतापला होता, उजवा अर्धा बधिर असल्यामुळे शांत होता. "मी माझ्या दाढेचं सांगत होतो! मला बोलू देत नाही? थांबा, आता सगळ्यांनाच सांगतो."

ते तडक बाहेर गेले. मागोमाग डॉक्टर, डॉक्टरांमागे ताई. बाहेर एकाने कानात बोटं घातली, दुसऱ्याने "अहो काका, नका ना!" म्हणून विनवणी केली.

"खून आचाऱ्याने केलाय!" मॅनेजरसाहेबांनी जाहीर केलं. "शेवटच्या पानावर तो सुरी धुतो, पुसतो, दिवा मालवतो आणि निघून जातो. झालं समाधान?"

डॉक्टरांनी मास्क काढून टाकला. इतके दिवस जपलेलं सगळं एका वाक्यात संपलं होतं.

क्लासवाल्या बाईंनी मुंग्यांमध्ये बोट घालून पुस्तक मिटलं. "कुठला आचारी?"

"कुठला म्हणजे? कादंबरीतला."

"त्यात आचारी नाहीच आहे. मी वाचलीय ना. सगळे डबा मागवून जेवतात."

त्यांनी लिफ्टची कादंबरी मागून उघडली आणि काही पानं उलट्या दिशेने चाळून एके ठिकाणी बोट ठेवलं. तिथे मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'लवकरच येत आहे याच लेखकाची नवी कादंबरी. पहिलं प्रकरण खास वाचकांसाठी.' कादंबरी त्याच्या आधीच्याच पानावर संपली होती.

मॅनेजरसाहेब ते पान बराच वेळ बघत राहिले. आयुष्यभर निवडलेली सगळी पुस्तकं त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकत असावीत.

"मग घड्याळजीला मारलं कोणी?" त्यांनी हळूच विचारलं.

बाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, किंचित हसल्या आणि परत मुंग्या उघडल्या.

डॉक्टरांच्या जिवात जीव आला. गालाची भूल उतरेपर्यंत साहेबांना बाहेर बसवून ते पुढच्या पेशंटकडे वळले. त्या दिवशी त्यांचा हात इतका हलका चालला, की एका आजोबांनी दात निघाल्यावर विचारलं, "सुरुवात कधी करणार?" शेवटचा पेशंट गेल्यावर डॉक्टरांनी हात धुतले, खुर्ची मागे रेलवली, दिवा वळवला. उरली होती चाळीसच पानं.

"ताई, लिफ्ट पाठवा आत."

ताई दारात आल्या त्या रिकाम्या हातांनी. "मॅनेजरसाहेब घेऊन गेले. म्हणाले, उजव्या गालाची भरपाई. पुढच्या वेळी दाढ भरायला येईन तेव्हा आणतो म्हणाले."

"कधी येणार आहेत?"

"अजून ठरवलं नाही म्हणाले. आणि हे तुम्हाला द्यायला सांगितलं." ताईंनी दोऱ्याचा तुकडा पुढे केला.

डॉक्टरांनी घरी जाऊन कपडेही न बदलता फोन लावला. बायको भाजी चिरता चिरता ऐकत होती.

"नमस्कार साहेब. दाढ कशी आहे?"

"दुखतेय. पण मजेत आहे. आत्ता विमा एजंट जिन्यात पडलाय."

"हो, ते मला माहीत आहे. मी काय म्हणतो... माझी चाळीसच पानं राहिलीत. तुम्ही जरा तेवढा शेवट बघता का? खरा शेवट. आणि मला सांगता का, कोण ते?"

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.

"छे छे, डॉक्टर," मॅनेजरसाहेब म्हणाले. "शेवट आधी वाचायचा नसतो."

आणि त्यांनी फोन ठेवला.