सूर जुळवणारं पेडल

खरेदीचा विषय निघाला की आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असतो. पडद्याचं कापड असो नाहीतर पाण्याचा पंप, दुकानदाराला कुठे बोलतं करायचं आणि कुठे गप्प बसवायचं, हे मला उपजतच कळतं! त्यामुळे सासूबाईंच्या गिटारसाठी पेडल आणायची वेळ आली, तेव्हा ते मीच आणणार याबद्दल निदान मला तरी शंका नव्हती.

सासूबाई आणि इलेक्ट्रिक गिटार एकाच वाक्यात आल्या म्हणून दचकू नका. त्या कोर्टात स्टेनो होत्या. आयुष्यभर वकिलांचं बोलणं बोटांनी पकडलं, आणि निवृत्तीनंतर ती बोटं स्वस्थ बसेनात. मग गिटार आली. आता त्या अशा वाजवतात, की खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर पेशंटला आ वासलेला सोडून जिन्यात ऐकायला येतात. मला त्यांचं फार कौतुक आहे. त्या वयात मला साधं विणकाम तरी जमेल का, देव जाणे.

त्या एका निवृत्तांच्या बँडमध्ये वाजवतात. त्याचे प्रमुख ड्रमवाले काका. आजवर काकांनी सासूबाईंना मागेच उभं केलं होतं. वाचनालयाच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच त्यांना सोलो, म्हणजे एकटीनं वाजवायचा तुकडा मिळाला होता. "जमलं तर यापुढे सोलो तुमचेच. नाहीतर माझा भाचा तयारच आहे," असं काकांनी तोंडावर सांगितलं होतं.

"सोलोला आवाज जरा उठायला हवा गं," सासूबाई जेवताना म्हणाल्या. "एखादं पेडल घ्यावं म्हणते."

"गिटारला पेडल?"

"पायानं दाबायची डबी असते. तिच्यातून गेला की आवाज बदलतो."

एवढी माहिती मला भरपूर होती. त्यांना न सांगता आणायचं आणि ऐन कार्यक्रमात हातात ठेवायचं, असं मी मनाशी पक्कं केलं.

दुकानात अख्खी भिंत रंगीबेरंगी डब्यांनी भरली होती. दुकानदार बिचारा अगदी मऊ बोलणारा.

"आवाज कसा हवाय ताई? फाटलेला देऊ?"

"फाटलेला कशाला? नवा द्या ना."

"नवाच असतो हो. पण डिस्टॉर्शन लावलं की फाटतो. लोकांना आवडतं तसं."

"आमच्याकडे नाही आवडत."

"बरं. मग ओला, म्हणजे घुमणारा, हवा की कोरडा?"

"कोरडा. आमच्या मोरीमागच्या भिंतीला एकदा ओल धरली होती, तेव्हापासून मी ओल्या वस्तूचं नावच घेत नाही."

त्यानं कपाळ चोळलं. "कोरस दाखवू?"

"कोरस कशाला? त्या एकट्याच तर वाजवणार आहेत."

"डिले तरी घ्याच. सोलोला डिले लागतोच."

इथे मात्र माझा आवाज चढला. "डिले? एक दिवसाचाही डिले चालणार नाही! कार्यक्रम रविवारी आहे!"

दुकानदार आत जाऊन पाणी पिऊन आला. "म्हणजे ताई, आवाजाला अजिबात हात न लावणारं पेडल हवंय तुम्हाला."

"आत्ता कसं बोललात!"

त्यानं एक छोटीशी पांढरी डबी पुढे केली. "मग हे घ्या. हे सूर जुळवायला असतं. याच्यावर पाय दिला की…"

सूर जुळवायला! सासू-सुनांच्या घरात याहून चांगली वस्तू कुठली? आमचं तसं छान चाललंय, पण घरात असलेली बरी.

"बांधून द्या," मी म्हणाले.

"अहो, पण पाय दिला की आवाज…"

"कळलं हो. कागद तेवढा बरा लावा."

रविवारी कार्यक्रमाआधी पडद्यामागे मी ते सासूबाईंच्या हातात ठेवलं. त्यांनी कागद सोडला, डबी उलटीसुलटी करून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे तू निवडलंस?"

"स्वतः! सोलो आला की पाय द्या आई, आणि मग बघा."

"देते की," त्या म्हणाल्या आणि शांतपणे वायर जोडायला लागल्या.

मी पुढच्या रांगेत नवऱ्याशेजारी रुबाबात बसले. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात सोलोची वेळ आली. सासूबाई पुढे आल्या आणि त्यांनी पेडलवर पाय दिला.

गिटार ठार मुकी झाली! सासूबाईंची बोटं हलताहेत, पण आवाज नाही. काकांनी वळून बघितलं आणि ड्रमवर नुसता हलका ठेका धरून ठेवला.

नवऱ्यानं माझ्या मांडीवरचं रिकामं खोकं उचलून वाचलं. "अगं, हा ट्यूनर आहे. तारा लावायचा. पाय दिला की आवाज बंद होतो, हे बघ, इथेच लिहिलंय."

मला खुर्चीखाली जायचं होतं, पण तिथे माझी पर्स होती. माझ्या मूर्खपणापायी त्यांचा सोलो भाच्याकडे जाणार, म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात सासूबाईंनी पुन्हा पाय दिला. त्या शांततेतून असा एक सूर निघाला, स्वच्छ, लांबलचक, की मागच्या रांगेतलं खोकणंसुद्धा थांबलं. मग त्यांची बोटं जी सुटली! शेवटी लोक उभे राहिले. मी तर आधीच उभी होते.

"वहिनी, ती आधीची शांतता!" काका घाम पुसत धावत आले. "काय धाडस! यापुढे सोलो तुमचेच. भाचा ट्रँगल वाजवेल."

घरी येताना मी रडकुंडीला येऊन माफी मागितली.

"ट्यूनर आहे हे मला बघताक्षणी कळलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "पण एवढ्या हौसेनं आणलंस, म्हटलं जोडावा. आणि दुसऱ्या गाण्यात माझी एक तार उतरली गं! ती तशीच राहिली असती तर सोलोचे बारा वाजले असते. तुझ्या डबीमुळे कुणाला न ऐकवता लावून घेतली."

अशी माझी सासू! मी भरून पावले. खरेदी मला उपजतच कळते, ती अशी.

त्यानंतर घरात एक छोटासा बदल झालाय. जेवताना मी कुठल्याही खरेदीबद्दल जरा ठासून बोलायला लागले, की सासूबाई काही म्हणत नाहीत. टेबलाखाली हळूच एकदा पाय आपटतात. मी जागच्या जागी गप्प होते, आणि नवरा म्हणतो, "बघ, जुळले सूर."