शेंडेबाईंनी नेमलेले कान

शेंडेबाई रस्त्यानं येताना दिसल्या, की आमच्या गावातला रिकामा माणूस एकदम कामाला लागतो. कोणी खराटा उचलतो, कोणी सायकलची चेन काढून पुन्हा बसवतो. पानठेल्यावरचा सुखदेव तर पुसलेल्याच बरण्या पुसायला घेतो. कारण बाईंना कोणी रिकामं दिसलं, की त्या त्याच्यापुढे एक पोरगं आणून बसवतात. पोराच्या हातात पुस्तक. "हा वाचून दाखवते, तुमी आयका," एवढंच सांगून बाई पुढच्या अंगणाकडे वळतात.

मी त्यांच्याच शाळेत गणित शिकवतो. शाळा जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंतची, नागभीडपासून बसनं थोडी आत. मागे धानाची बांधी, भाताचं खाचर; पुढे बोडी, म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. थंडीत त्या तळ्यावरून धुकं उठतं आणि पहिल्या तासाला सरळ वर्गात येऊन बसतं. अशा वेळी पोरांचे आवाज कुठून येताहेत तेच कळत नाही. सगळी शाळाच झोपेत बोलल्यासारखी वाटते.

वाचताना मात्र आमची पोरं खरंच झोपेत असत. सहावी-सातवीची मुलं, पण उभी राहिली की मालगाडी सुटल्यासारखी. कुठं थांबायचं नाही, कुठं बघायचं नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकाला धडा वाचायला लावला आणि विचारलं, "काय आहे या धड्यात?"

"चित्र," पोरगा म्हणाला.

साहेब उन्हाळ्याआधी परत येतो म्हणून गेले. मग आमची बैठक झाली. जादा तास घ्या, तक्ते लावा, असं बरंच ठरलं. शेंडेबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोट्टे वाचते कोनासाठी? भिंतीसाठी? समोर कोनी आयकनारं पायजे ना जी."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गावात कान नेमायला सुरुवात केली.

नियम सोपा होता. ऐकणाऱ्यानं चुका काढायच्या नाहीत. समजलं नाही तर तेवढं विचारायचं, आणि पोरानं सांगायचं. "चूक काढाले मी हावो ना," बाई म्हणत. "तुमी निसते मानसासारखे बसा." एकदा कोणीच मोकळं सापडलं नाही, तर त्यांनी एका पोराला बांधलेल्या म्हशीपुढे बसवलं. मी हसलो. "हसून काऊन राह्यले सर? म्हैस मधात बोलत नाई," त्या म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा बरी."

आधी कुरकुरणारे लोक हळूहळू त्यात अडकले. एका दुपारी सुखदेव पानठेला तसाच टाकून शाळेत आला. "बाई, थो पोट्टा आज आला नाई. राजाले रानात सोडून गेला ना थो! आता मी काय करू?" बाईंनी त्या पोराला तापातून उठू दिलं आणि मग पाठवलं. तोवर सुखदेवचा चेहरा बघवत नव्हता.

त्या हिवाळ्यात मी शाळा सुटल्यावर मुद्दाम पायी घरी जायचो. उन्हं कलती झालेली, चुलींचा धूर कवेलूंच्या छपरांवरून खाली उतरलेला, आणि प्रत्येक अंगणातून एकेक बारीक आवाज. इथं जहाज बुडतंय, पलीकडे कोल्हा बोलतोय, तणसाच्या ढिगाआड कोणी समुद्र म्हणजे काय ते सांगतंय. समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. तरी चालताना वाटायचं, पुढच्या वळणावर तो दिसेल.

फक्त सातवीतली पायल वाचत नव्हती. तिचे आईवडील मिरची तोडायला तेलंगणात जात, ती मावशीकडे राही. एकदा ती वर्गात अडखळली, पोरं हसली, तेव्हापासून तिचा आवाज गेला तो गेलाच. उभी केली की पुस्तक ओलं होईपर्यंत रडे. शेंडेबाईंनी तिच्यासाठी ऐकणारा नेमला म्हातारा डोमाजी.

"बाई, डोमाजीला ऐकू येत नाही," मी म्हणालो.

"म्हनूनच तं. ज्याले आयकू येत नाई त्याच्यापुढं लाज कायची?"

डोमाजी बोडीच्या पाळीवर मासे धरायचं जाळं विणत बसे. पायल त्याच्यापुढे बसून नुसते ओठ हलवी. तो मान डोलावी. काही दिवस हा कारभार दोघांनाही मानवला. मग डोमाजीलाच राहवेना.

"ओठ हालून राह्यले, आवाज कुठी गेला? मोठ्यानं वाच ना माय!"

पायल थोडं मोठ्यानं वाचू लागली. "आजून!" मग आणखी मोठ्यानं. डोमाजी कानामागे हात धरून पुढे सरके, आणि भलत्याच ठिकाणी खो-खो हसे. मग पायल पुस्तक मांडीवर ठेवून हातवारे करून समजावी, की अहो आजोबा, इथं ती हरणी मेली आहे. डोमाजी गंभीर होई. "अरे बाप्पा! मंग तिचं पिल्लू?" पिल्लाचं काय झालं ते सांगायला पायलला पान पुन्हा वाचावं लागे. थंडी ओसरेपर्यंत तिचा आवाज बोडीच्या पलीकडे कपडे धुणाऱ्या बायांपर्यंत जाऊ लागला. त्याही धुणं थांबवून ऐकत.

साहेब आले. त्यांनी नेमकं पायलकडे बोट केलं. शेंडेबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलेलं मी पाहिलं. पायल उभी राहिली, श्वास घेतला, आणि डोमाजीला वाचून दाखवायच्या त्याच आवाजात सुरू झाली. आढ्यावरची कबुतरं उडाली. साहेबांनी खुर्ची मागे घेतली. मध्ये दोनदा ती अडखळली, थांबली, पुन्हा मागून वाचत आली. वाचून झाल्यावर साहेब काही विचारणार, तेवढ्यात तीच हात पसरून गोष्ट सांगू लागली आणि शेवटी ओरडून म्हणाली, "समजलं का जी?"

"समजलं," साहेब म्हणाले.

वर्ग हसला. या वेळी पायलही हसली.

सगळीच पोरं काही सुधारली नाहीत. काहींची मालगाडी अजून चालू आहे. पण त्या दिवशी बाई खूश होत्या. "आता हिले हळू बोलाले शिकवा लागन," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतरच्या एका रविवारी मी वडशाला बहिणीकडे निघालो होतो. नागभीडच्या फलाटावर, निंबाच्या सावलीत, शेंडेबाई बाकावर बसलेल्या. अंगावर ठेवणीतली साडी, मांडीवर रिकामी पिशवी.

"कुठं चाललात बाई?" मी विचारलं.

त्या दचकल्या. मग ओशाळं हसल्या. "कुठीच नाई. रविवारी घर लय चूप राह्यते सर. इथी मानसं बोलत असते. बरं वाटते."

मी शेजारी बसलो. इतकी वर्षं एका शाळेत काढली, पण बाईंना घरी कोण आहे हे आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं. त्याही कधी सांगत बसल्या नव्हत्या. मी विचारलं.

"आमचे हे राइस मिलमध्ये होते," त्या म्हणाल्या. "घरी आले का चप्पल काढाच्या आंधी बोलनं सुरू. कोनता ट्रक बिघडला, कोन कोनासंगं भांडला... ते गेले, अन्..." कुकरची शिटी झाली तरी हल्ली सोबत वाटते, असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

माझी गाडी आली. लोक चढले, उतरले. बाई बोलायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या.

"मी बसनं जाईन," मी म्हणालो.

गाडी गेली. फलाट रिकामा झाला. ऊन, निंबाची पिवळी पानं आणि आम्ही दोघं. बाईंनी पिशवीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"त्याह्यले कारलं बिलकुल आवडत नोतं," त्या म्हणाल्या, आणि एकेक शब्द शोधत पुढे सांगू लागल्या.