जुन्या खुर्च्यांचं काय करायचं?

"तीन आठवडे द्या, काका. दारात रांग लागेल," असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि रांग लागली. त्याबद्दल मला कोणी काही बोलू शकत नाही. बाकी सगळ्याबद्दल बोलतात.

काका खुर्च्या दुरुस्त करतात. वेत विणणं, पाय बसवणं, गादी बदलणं. हात असा की मोडकी खुर्ची दुकानातून बाहेर पडताना मालकालाच ओळखू येत नाही. अडचण एवढीच की खुर्च्या येत नव्हत्या. मोडली की लोक नवीन घेतात. काकूच्या भावाचा गाद्यांचा कारखाना आहे. त्याने काकांना सुपरवायझरची जागा देऊ केली होती. महिनाअखेरपर्यंत दुकान सावरलं नाही तर शटर खाली आणि काका कारखान्यात, असं ठरलं. काका नुसते रंधा फिरवत बसले. लाकूड संपलं तरी फिरवत बसले.

मला राहवेना. दुकानाची वेबसाइट मीच बनवली होती, पण नुसती वेबसाइट म्हणजे अंधाऱ्या खोलीत टांगलेली पाटी. लोकांनी मोबाइलवर शोधलं की ती वर दिसायला हवी. ते कसं करायचं याचे व्हिडिओ मी दुप्पट वेगाने बघितले, जेवताना बघितले, दात घासताना बघितले. दोन दिवसांत शोधून बघितलं तर आपण पहिल्या नंबरावर. मी स्वयंपाकघरात धावत गेलो.

काकूने स्वतःच्या मोबाइलवर बघितलं. "माझ्याकडे तर नाहीये रे."

"खाली सरक."

"सरकतेय. आता तर चपलांची दुकानं यायला लागली."

तेव्हा कळलं की मी दिवसभर आपल्याच साइटवर टिचक्या मारत होतो, म्हणून माझा मोबाइल माझं मन राखत होता.

मग मी मुळापासून अभ्यास केला. लोक कुठले शब्द टाकून शोधतात, ते आकड्यांसकट बघता येतं. 'खुर्ची दुरुस्ती' शोधणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 'जुन्या खुर्च्यांचं काय करायचं' शोधणारे हजारो. गर्दी तिकडे, तर आपलं तोंडही तिकडे. पानाच्या शीर्षकात तेच शब्द, पहिल्या ओळीत तेच, फोटोंच्या नावांतही तेच. वर थोडी जाहिरातही लावली. आणि मथळा तर असा सुचला की स्वतःचीच पाठ थोपटली: 'जुनी खुर्ची? टाकू नका. आमच्याकडे आणा.'

तिसऱ्या आठवड्यात आपण खरोखर पहिले आलो. काकूच्या मोबाइलवरसुद्धा. आणि त्याच सकाळी एक बाई दोन खुर्च्या घेऊन दारात उतरल्या. काकांचा चेहरा असा उजळला की मला दिवा बंद करावासा वाटला.

"कधीपर्यंत हव्यात?" काकांनी विचारलं.

"हव्यात? अहो, नकोयत म्हणून तर आणल्या." आणि बाई गेल्यासुद्धा.

दुपारी एक व्हॅन आली, सहा खुर्च्या उतरवून गेली. दुसऱ्या दिवशी शटर उघडायला गेलो तर शटरच दिसेना. समोर चाक नसलेली ऑफिसची खुर्ची, बाळाची उंच खुर्ची, न्हाव्याची फिरती खुर्ची. एका गृहस्थाने फोन केला, "सोफा खुर्चीत धरता का?" मी नाही म्हणेपर्यंत तो सोफा दारात होता.

शेजारचा बेकरीवाला मला चिडवायला इंजिनिअर म्हणतो. तो बाहेर येऊन म्हणाला, "इंजिनिअर, काल इथे माझं दार होतं."

इंटरनेटवर लोक दुकानाचं कौतुक लिहायला लागले. 'उत्तम सेवा. काही विचारत नाहीत, घेतात. पाच तारे.' 'जागा कमी, पण माणूस प्रेमळ.' ते वाचून मोबाइलच्या नकाशावर दुकानाच्या नावाखालचा शब्द आपोआप बदलला. आधी होतं 'फर्निचर दुरुस्ती'. आता आलं 'भंगारवाला'.

ते काकांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "मास्तर," ते मला म्हणाले (ते चिडले की मास्तर म्हणतात), "कारखान्यात निदान सुपरवायझर तरी म्हणतील."

मी मथळा बदलला, पान बदललं, जाहिरात काढली. काही उपयोग नाही. घरसजावटीच्या कुठल्या तरी साइटने आमचा पत्ता 'अडगळ काढायचे सोपे उपाय' म्हणून छापला होता, तिथून लोक येतच राहिले. वर चढायला जिवाचं रान केलं, आता खाली उतरू देत नव्हते. मी दर दहा मिनिटांनी मोबाइल बघत दुकानात येरझाऱ्या घालायचो. चहूकडे खुर्च्या, आणि मला बसवत नव्हतं.

काका मात्र त्यातली एकेक ओढून कामाला लागले होते.

"फुकटात?" काकू म्हणाली.

"अगं, डगमगतेय ती. बघवत नाही."

झालेली खुर्ची ठेवायला आत जागा नाही, म्हणून मी ती फुटपाथवर ठेवायचो.

महिनाअखेर आली. काकूच्या भावाचा टेम्पो हत्यारं न्यायला दारात लागला. काका पटाशा फडक्यात गुंडाळत होते, एकेक, अगदी सावकाश. तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज आला.

धावत गेलो तर एक धिप्पाड गृहस्थ फुटपाथवरच्या खुर्चीवर पालथे पडलेले. हातातला पाव बेकरीच्या पायरीपर्यंत घरंगळलेला. आता पोलीस, म्हटलं.

"लागलं का हो?"

ते उठले. गुडघा नाही बघितला, खुर्ची बघितली. दोन्ही हातांनी गदागदा हलवली. मग मला दरडावून विचारलं, "मी एवढा आपटलो, ही करकरली कशी नाही?"

"दुरुस्त केलीय."

"कोणी?"

ते पलीकडच्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक निघाले. "आमच्याकडे नायक मरायला टेकतो आणि निम्म्या खुर्च्या करकरायला लागतात," ते काकांना म्हणाले. "लोक हसतात. त्या नटाने परवा मेल्यामेल्या मला शिवी दिली. सगळं प्रेक्षागृह करून द्याल?"

काकांनी फडकं सोडलं आणि पटाशा परत भिंतीवर लावायला घेतल्या, या वेळी भराभर. टेम्पो रिकामा कशाला पाठवायचा, म्हणून काकूने त्यात तो सोफा चढवला.

माझी छाती पुन्हा फुगली. मी विचारलं, "साहेब, तुम्ही कुठले शब्द टाकून आम्हाला शोधलंत?"

"शोधलं?" ते गुडघा चोळत म्हणाले. "चष्म्याशिवाय मला मोबाइल दिसत नाही. खुर्ची तरी कुठे दिसली?"

काकू इतकी हसली की बेकरीवाला बाहेर आला.

तर सध्या दुकानाची प्रसिद्धी माझ्याकडेच आहे. काम सोपं आहे: रोज सकाळी काकांनी केलेली एक खुर्ची फुटपाथवर ठेवायची. मी अभ्यास सुरू केलाय. कोपऱ्यावर ठेवली तर लोक वळसा घालून जातात. बेकरीच्या दारासमोर ठेवली की जास्त आपटतात.