शेगडीवर बूट राहिले

शनिवारी दुपारी माझे चर्चचे बूट ओले होते, आणि रविवारी प्रभुभोजन होतं. एवढ्याशा गोष्टीवरून मी माझ्या सासूला वेडी ठरवीन, असं त्या दुपारी कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. (हसायला मी कायम तयार असतो. बाकी कामांना जरा वेळ लागतो.)

मी वॉल्डन, पर्ल लगून या खाडीकाठच्या गावातल्या बोटींच्या धक्क्यावरचा कारकून. ब्लूफिल्ड्स शहराहून येणाऱ्या बोटींची नोंद ठेवतो. वहीत 'उशिराचे कारण' असा एक रकाना आहे. सोळा वर्षं मी तो भरतोय. वारा, लाटा, ओहोटी, इंजिन. नावाडी झोपून राहिला, असं आजवर एकदाही लिहिलेलं नाही. म्हणजे कारणं देण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

घर सासूबाईंचं. खांबांवर उभं, लाकडी, वर पत्रा. त्यांचं नाव, मिस आर्डिथ, घेतलं की (आमच्याकडे मोठ्या बायकांना मानाने 'मिस' म्हणतात) गावात सगळ्यांना नारळाच्या दुधातले बन आठवतात. चर्चच्या प्रत्येक प्रीतिभोजनाला, म्हणजे सगळ्या मंडळीने एकत्र बसून बन-कॉफी घेण्याच्या उपासनेला, चाळीस वर्षं तेच बन. वय चौऱ्याहत्तर, आवाज पंचविशीतला. हा आवाज बहुतेक वेळा माझ्या दिशेने यायचा.

त्या दिवशी सकाळी त्यांनी भट्टीत बन भाजले, जेवल्या आणि शेजारच्या खोलीत आडव्या झाल्या. बायको, व्हर्लीन, बाजारात गेली होती. मी बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, शेगडी अगदी बारीक केली, वर तवा ठेवला आणि तव्यावर बूट. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात शेजाऱ्यांच्या रेडिओवर बेसबॉलचा सामना सुरू झाला. मी फक्त स्कोअर ऐकायला गेलो. (सहाव्या डावापर्यंत फक्त स्कोअरच ऐकत होतो.)

"वॉल्डन! तुझ्या घरातून धूर!"

मी धावलो. स्वयंपाकघराची भिंत पेटली होती, आणि मिस आर्डिथ आत ओलं फडकं घेऊन आगीला झोडपत होत्या. मी त्यांना कमरेला धरून ओढत बाहेर आणलं. लोकांनी बादल्या आणल्या. घर वाचलं, स्वयंपाकघर गेलं. सासूबाईंच्या उजव्या हाताचं कातडं तळव्यापासून बोटांपर्यंत सोलून निघालं होतं.

व्हर्लीन धावत आली. "आग लागली कशी?"

तीसएक माणसं माझ्याकडे बघत होती. माझं तोंड उघडलं, आणि सोळा वर्षांच्या सवयीने आतून कारण बाहेर आलं.

"मम्मांनी सकाळी भट्टी लावली होती ना... बहुतेक बंद करायची राहिली."

बहुतेक! हा शब्द मी किती विचार करून घातला होता!

मिस आर्डिथनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "मी बंद केली होती." मग जरा थांबून, "केली होती ना रे?"

मी वाकून रिकाम्या बादल्या गोळा करायला लागलो. आजूबाजूच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गेल्या महिन्यात मिस आर्डिथनी लापशीत साखरेऐवजी मीठ घातलं होतं, ते एकीला आठवलं. दुसरीला आणखी काही आठवलं. दहा मिनिटांत गावाने निकाल दिला.

रविवारी उसने बूट घालून मी चर्चमध्ये गेलो. आमच्या पाळकबाई जोसेलीन यांनी, सासूला आगीतून काढणाऱ्या जावयासाठी देवाचे आभार मानले. लोकांनी वळून माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी नम्रपणे मान खाली घातली. मग भाकर घेतली, प्याला घेतला. दोन्ही घशाखाली उतरलं, याचंच मला आश्चर्य वाटलं.

सोमवारी मेहुणा ऑर्विल ब्लूफिल्ड्सहून आला. आईचा हात बघून रडला आणि म्हणाला, "आता ही विस्तवाजवळ जाणार नाही. मी घेऊन जातो." मिस आर्डिथ भांडल्या नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदाच भांडल्या नाहीत. एक पिशवी घेऊन बोटीत बसल्या. त्या बोटीची नोंद मीच केली. ती वेळेवर सुटली होती, कारण लिहायची गरज पडली नाही.

पाच आठवड्यांनी आम्ही भेटायला गेलो. ऑर्विलच्या स्वयंपाकघराच्या दाराला कडी आणि कडीला कुलूप. मिस आर्डिथ टीव्हीसमोर, पण टीव्हीकडे पाठ करून बसल्या होत्या. हाताची जखम भरली होती, पण बोटं अर्धवट वाकलेली, मुडपत नव्हती आणि उघडतही नव्हती. पाणी प्यायचं तर सुनेला विचारत, "घेऊ का?" नातवंडांना त्यांच्याजवळ एकटं सोडत नव्हते.

व्हर्लीन आत गेली तशा त्या माझ्याकडे झुकल्या. "वॉल्डन, हे लोक माझ्याशी गोड बोलतात. तू कधी गोड बोलला नाहीस, म्हणून तुला विचारते. मी अजून काय काय विसरते?"

"काही नाही, मम्मा."

"खरं सांग. रोज सकाळी मी मुलांची, नातवंडांची नावं म्हणून बघते. मेलेल्यांचीसुद्धा. सगळी येतात. पण ती भट्टी काही आठवत नाही. बंद केलेली आठवते, आणि चालू ठेवलेली आठवतच नाही. असं कसं होतं रे?"

मी बाहेर जाऊन गटारापाशी वाकून उभा राहिलो. व्हर्लीनला सांगितलं, बोट लागली. (बोट लागायला अजून दोन तास होते.)

पुढचं प्रभुभोजन जवळ आलं तसा मी पाळकबाईंकडे गेलो. मला वाटलं, इथे सांगितलं की वर पोचेल आणि प्रकरण मिटेल.

"बाई, सैतानाने माझ्याकडून एक गोष्ट करवली."

"कोणती?"

"शेगडीवर बूट राहिले."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सैतान भर दुपारी तुमच्या घरी बूट वाळवायला आला होता?"

"तसं नाही. पाऊस होता. सामनाही नेमका..."

"बूट राहिले नाहीत, वॉल्डन. तू ठेवलेस. म्हण."

हे वाक्य म्हणायला किती जड जातं, ते ज्याने म्हटलंय त्यालाच कळेल. राहिले, लागली, झालं, घडलं. या शब्दांत माणूस कुठेच नसतो, सगळं आपोआप होतं. आदामसुद्धा देवाला म्हणाला, तू दिलेल्या बायकोने मला फळ दिलं. बिचाऱ्याला सासू नव्हती, म्हणून बायकोवर ढकलावं लागलं. माझी तर सगळी सोय होती.

"मी ठेवले," मी म्हणालो. "आग मी लावली. खोटं मी बोललो." आणि रडलो. मग डोळे पुसून विचारलं, "आता देव क्षमा करील ना?"

"देवाची काळजी तू करू नकोस. मिस आर्डिथला कोण सांगणार?"

"तुम्ही जर..."

"बोट सकाळी सातला सुटते," पाळकबाई म्हणाल्या. धक्क्यावरच्या कारकुनाला!

आधी व्हर्लीनला सांगितलं. तिने माझं ताट वाढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतःचं घेऊन अंगणात गेली. पुढे कितीतरी दिवस ती अंगणातच जेवली.

ब्लूफिल्ड्सला ऑर्विल आणि त्याची बायको समोर असतानाच मी मिस आर्डिथपुढे उभा राहिलो. बोटीत चांगलं तासाभराचं भाषण तयार केलं होतं. त्यातलं एवढंच उरलं: "मम्मा, तुम्ही भट्टी बंद केली होती. शेगडी मी पेटवली. बूट वाळवायला. मी खोटं बोललो."

ऑर्विल माझ्या अंगावर धावला. मिस आर्डिथनी त्याला नुसता डावा हात केला. तो थांबला.

"मी बंद केली होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि लापशीतलं मीठ?"

"ते तुम्हीच, मम्मा."

त्यांनी मान हलवली. मग त्या वाकड्या बोटांकडे बघत बसल्या. "हात गेला त्याचं दुःख नव्हतं. मला वाटलं, मीच गेले."

"मला क्षमा करा."

"करीन. प्रभूने सांगितलंय, त्यामुळे सुटका नाही. पण आज नाही. आज मला रागावू दे." आणि ऑर्विलकडे वळून, पंचविशीतल्या आवाजात, "कुलूप काढ. मला चहा करायचाय."

ऑर्विलने कुलूप काढलं. किल्ली हातात घेऊन तो भिंतीकडे तोंड करून रडला.

त्या रविवारी मी माझ्या बाकापाशी उभा राहून सगळ्या मंडळीला सांगितलं. या वेळीही सगळ्यांनी वळून पाहिलं. कौतुकाने नव्हे. गावात अजूनही काही जण मला बघून बोलायचं थांबतात. मिस आर्डिथ आपल्या घरी परत आल्या. क्षमा केली ती तीन आठवड्यांनी, मंगळवारी, कपडे वाळत घालताना. "केली हं," एवढंच म्हणाल्या.

पण हात परत आला नाही. त्यांना पीठ मळता येत नाही, आणि ते कधीच येणार नाही. म्हणून ऑगस्टमधल्या प्रीतिभोजनासाठी नव्या स्वयंपाकघरात मी मळलं. त्या खुर्चीवर बसून सांगत होत्या, मी दोनशे बन केले, भाजले, टोपल्या डोक्यावरून चर्चमध्ये नेल्या. कॉफी आली, बन वाटले गेले. कुणीतरी बन कॉफीत बुडवला. कुणीतरी तो बाकाच्या कडेवर आपटून पाहिला. लोक सावकाश मिस आर्डिथकडे बघायला लागले, तीच ती दयेची नजर.

मी ताडकन उभा राहिलो. उभ्या आयुष्यात इतक्या धीटपणे कधी बोललो नव्हतो. "बंधुभगिनींनो, मिस आर्डिथचा यात काही दोष नाही. हे बन मी केलेत. पीठ मी मळलं. सगळी जबाबदारी माझी आहे!"

पाळकबाईंनी तोंडातला घास मोठ्या कष्टाने गिळला.

"बस, वॉल्डन," त्या म्हणाल्या. "चावल्याबरोबर कळलं होतं."