चार पलंगांचा अभ्यासदौरा

सन एकोणीसशे त्रेसष्टच्या उन्हाळ्यात जळकोटच्या विहिरी आटल्या, सबब आमच्या पाणीप्रबोधन उपसमितीनं आपला एक सदस्य इटलीला धाडण्याचा ठराव एकमतानं मंजूर केला. तिथल्या सिएना नावाच्या जुन्या शहरात शेकडो वर्षांपूर्वी जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी आणलेलं आहे. ते कसं, एवढं बघून यायचं. निवड झाली गुरुसिद्धप्पा अण्णांची, कारण सोलापूरच्या पलीकडं गेलेले समितीत तेच एकटे. सदस्यानं परदेशात आपल्या राष्ट्राच्या इभ्रतीला शोभेल अशाच जागी उतरावं, असा नियम होता. म्हणून मुक्काम ठरला सिएनातल्या सगळ्यांत आलिशान हॉटेलात.

निघताना गजराबाई म्हातारी एस.टी.पर्यंत आली. तिच्या दारची विहीर कोरडी पडून दोन महिने झाले होते. डोक्यावर घागर घेऊन रोज दोन कोस पायपीट चालली होती.

"अण्णा, दुसरं काय बी आणू नगा," ती म्हणाली, "पाण्याची तेवढी तरकीब आणा."

अण्णांनी तुळजाईची आण घेतली.

हॉटेलातला पलंग बघून अण्णांचे डोळेच पांढरे झाले. टेकले तर गादीनं कमरेपर्यंत गिळलं! त्यांनी आपली वाकळ फरशीवर अंथरली, झकास घोरले आणि उजाडताच ती गुंडाळून ट्रंकेत घातली. पाहुण्यानं आपलं अंथरूण आपण काढावं, ही घरची शिस्त.

सकाळी खोली आवरायला आलेल्या बाईनं पलंग बघितला. चादरीला सुरकुती नाही. म्हणजे पाहुण्यानं रात्र उभ्यानं काढली! मॅनेजर दुभाष्याला घेऊन धावत आला.

"खोली पसंत नाही का?"

"छ्या, छ्या! लई झ्याक हाय," अण्णा म्हणाले. ज्याच्या घरी उतरायचं त्याच्या घरात खोट काढायची म्हणजे पाप.

मॅनेजर हाडाचा हॉटेलवाला. इतकं गोड बोलतोय म्हणजे पाहुणा फारच दुखावलाय, हे त्यानं ओळखलं. अण्णांची रवानगी मोठ्या खोलीत, जास्त मऊ पलंगाकडं झाली. या हलवाहलवीत दिवस गेला. बोगदे दाखवायला आलेला इंजिनियर खाली मोटार घेऊन उभा होता, त्याला उद्या बोलावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी कुण्या सरदाराचा पलंग आला, वर मखमलीचं छत. खरं सांगावं, तर इभ्रतीचा प्रश्न. वाकळेवर झोपणारा देश म्हणून नाव व्हायचं! चौथ्या पलंगानंतर मालक स्वतः माफी मागायला आला आणि घळाघळा रडला. तेवढ्यात दौऱ्याची मुदत संपली.

गावी चावडीपुढं सभा भरली. अण्णांना एकच घोर. पाण्याचं विचारलं तर तोंड कुठं लपवावं? वेळ काढायला त्यांनी पलंगाचं सांगायला घेतलं.

"मखमल कंच्या रंगाची, अण्णा?" बंडप्पानं विचारलं.

"मालक खरंच रडला व्हय?"

आम्ही हसून हसून लोळलो. दोन तास कुणी जागचं हललं नाही. अहवाल टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. पुढच्या वर्षी आणखी दोघांना धाडायचंही ठरलं.

मागून गजराबाई उठली. "पाण्याचं काय झालं, अण्णा?"

अण्णांनी मान खाली घातली. पण आम्हीच तिच्यावर खेकसलो, "आज्जी, जरा दम धरा की! पलंगाचं चाललंय न्हवं!"

म्हातारी घागर उचलून चालायला लागली.

वाचकहो, आम्हाला खुशाल नावं ठेवा. फक्त एवढं सांगा, तो इंजिनियर मोटार घेऊन माघारी गेला तेव्हा तुम्हाला गजराबाई आठवली, की तुम्हीही पुढच्या पलंगाचीच वाट बघत होता?